कासवाच्या बागेतली हजेरी

आमच्या सासूबाई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर शिट्टी गळ्यातून उतरली, पण अंगातून काही उतरली नाही. घराबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे आधी दारात रांग आणि मग हजेरी. लग्न होऊन मी नवी आले तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेची गंमत करताहेत. पण पुढेही रोज तेच. भाजीला निघालेल्या आम्हा दोघांना चपला घालून उभं करायच्या, एकेकाला हाक मारायच्या आणि दोघांची ओ कानावर आली की मगच कडी काढायच्या. दवाखान्यातून निघताना हजेरी, सिनेमा सुटल्यावर हजेरी. लोक वळून बघतात, आम्ही खाली मान घालून ओ देतो. इतक्या वर्षांत आमच्या घरातलं कुणी कुठे मागे राहिलं नाही, हेही खरं.

आता आमचे हे. ह्यांना देवानं गळा एकच दिला, पण त्यात अख्खी गल्ली कोंबली. फर्निचरच्या दुकानात विक्रीला आहेत. गिऱ्हाईक स्वस्तातल्या सोफ्यावर बसलं की हे मागे उभं राहून तोंडानं करकर आवाज काढतात. गिऱ्हाईक दचकून उठतं आणि महागातला घेऊन जातं. घरी तर विचारूच नका. माझ्या आवाजात दूधवाल्याशी भांडतात, धाकट्या भावजींच्या आवाजात जाऊबाईंना चहा टाकायला सांगतात आणि त्या बिचाऱ्या टाकतातही. नकलांच्या बाबतीत माणूस हुशार आहे, त्यात वाद नाही. थांबायचं कुठे एवढंच कळत नाही.

हजेरीत ह्यांनी मुलांसाठी एक खेळ घातला होता. सासूबाईंनी मुलाचं नाव घ्यायचं आणि मुलानं तोंड उघडायच्या आत ह्यांनी त्याच्याच आवाजात ओ द्यायची. ह्याला म्हणायचं ओ पळवणं. ज्याची ओ पळवली त्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवायचे आणि ती परत मिळेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. परत द्यायचीही रीत ठरलेली. हे मूठ तोंडाशी नेणार, मुठीत फुंकर घालणार आणि मुलाच्या तळहातावर ती उघडणार. परत दिली की मूल एकदम ओरडून ओ देणार आणि सगळे हसणार. ओ ज्यानं पळवली त्यानंच परत द्यायची, दुसऱ्याला ते जमत नाही, हाही नियम ह्यांचाच.

भावजींची जुळी मुलं पक्की लबाड. त्यांची ओ गेली तरी जिना उतरेपर्यंत बोलायला लागायची. पण खारू तशी नव्हती. खारू म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. दाणे गालात साठवून ठेवायची सवय, म्हणून खारू. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. सांगितलेलं तंतोतंत करणारी पोर. एकदा दुपारी ह्यांनी तिची ओ पळवली आणि स्वतः जाऊन आडवे झाले, ते घोरायला लागले. मी स्वयंपाकघरात गेले तर पोरगी ताटासमोर दोन्ही हात तोंडावर ठेवून बसलेली. अन्न गार, डोळे भरलेले. मी ह्यांना गदागदा हलवून उठवलं. हे हसले आणि म्हणाले, प्रामाणिक आहे हो पोरगी. मी म्हटलं, ही चेष्टा एक दिवस अंगाशी येईल. त्यावर ह्यांनी माझ्याच आवाजात, माझ्याच तोऱ्यात तेच वाक्य मला म्हणून दाखवलं. मलाही हसू आलं. तिथेच तर हा माणूस जिंकतो.

नणंद एकटीनं खारूला वाढवतेय. तिचं सगळं जग म्हणजे ही मुलगी. त्या आठवड्यात कचेरीच्या प्रशिक्षणासाठी तिला दुसऱ्या शहरात जावं लागलं आणि खारू आमच्याकडे राहिली. निघताना नणंदेचा पाय उंबऱ्यातून निघेना. शेवटी सासूबाईंना म्हणाली, "आई, तुझी हजेरी आहे म्हणून निर्धास्त जातेय." रोज संध्याकाळी फोन करायची आणि आधी कुणाची ख्यालीखुशाली न विचारता म्हणायची, खारूला दे.

रविवारी मुलांना फिरवायचं ठरलं. आमचं उपनगर तसं मुलांसाठी बरं आहे. मोठ्या शहरासारखी धावपळ नाही आणि बागा भरपूर. सासूबाईंनी बेत आखला तोही कवायतीसारखा. आधी तळ्याकाठची छोटी आगगाडी, मग पक्षीघर आणि शेवटी गावाबाहेरची कासवाची बाग. दोन गाड्या निघाल्या. एकीत आम्ही दोघं, सासूबाई आणि खारू, दुसरीत भावजी, जाऊबाई आणि जुळी. उकडलेली अंडी, पाव, केळी आणि पाण्याच्या बाटल्या मी बांधून घेतल्या, कारण बाहेरचं खाऊन जुळ्यांची पोटं बिघडली की निस्तरायला मीच असते.

आगगाडी झकास होती. तळ्याला वळसा घालायची, मध्ये एक खोटा बोगदा, त्यात मुलांनी किंचाळायचं. खारू किंचाळली नाही, डोळे मोठे करून बसली. उतरल्यावर मला सांगितलं, मामी, आत खूप काळं होतं पण मी मोजत होते. काय मोजत होतीस ते काही सांगितलं नाही.

पक्षीघरात एक बोलकी मैना होती. तिच्या पिंजऱ्यापाशी हे जे रेंगाळले ते हलेनात. पक्षी शीळ घालायचा, हे तशीच परत घालायचे. बघ्यांची गर्दी जमली तसा ह्यांना चेव चढला. खारूच्या आवाजात ओ द्यायला लागले. तिची ओ जरा नाकातून यायची आणि शेवटी वर चढायची, ती ह्यांना हुबेहूब जमते. पुन्हा पुन्हा दिली. आम्ही निघालो, दारापर्यंत पोचलो आणि मागून ओ आली. नाकातली, शेवटी वर चढणारी. मी खारूकडे पाहिलं. तिनं तोंड मिटलेलं होतं. पिंजऱ्यातली मैना मान वाकडी करून आमच्याकडे बघत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खारूनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मामी, मामानं माझी ओ त्या पक्ष्याला देऊन टाकली का?"

मी म्हटलं, छे ग, पक्षी नुसता नक्कल करतो. पण मला ते अजिबात आवडलं नाही. गाडीत बसताना जुळ्यांनी हट्ट धरला म्हणून खारू त्यांच्या गाडीत गेली.

कासवाची बाग म्हणजे कुंपणाच्या झाडांचा भुलभुलैया. माणसाच्या डोक्याहून उंच, दाट हिरव्या भिंती आणि त्यांच्यामधून वळणं घेत जाणाऱ्या अरुंद वाटा. बरोबर मधोमध दगडाचं मोठं कासव बसवलंय. त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर आला तो जिंकला. मुलं आत सोडायची आणि मोठ्यांनी बाहेर बाकांवर बसून अंडी सोलायची, अशी ती सोय. जुळी गेली आणि कासवाला हात लावून आलीसुद्धा. खारू मात्र वाट चुकून गेली तिथूनच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तसंच. जुळ्यांनी चिडवलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. मी तिला जवळ घेतलं, स्वच्छतागृहात नेऊन आणलं आणि तोंड धुतलं. परत येताना म्हणाली, मला कासवाला हात लावायचाच आहे. मी म्हटलं, पुढच्या खेपेला लावू.

मी बसले होते त्या बाकाखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. आधी मला त्या वाळक्या पाकळ्या वाटल्या. पलीकडे झाडाखाली बागेचा माळी एका निळ्या पिंपात काठीनं काहीतरी ढवळत होता. शेजारी पाठीवर घ्यायचे पंप ओळीनं ठेवलेले आणि फांदीला तोंडावर लावायचे मुखवटे टांगलेले. वास असा की जिभेवर कडू चव यावी. मी उठून त्याला विचारलं. माणूस सभ्य होता, काठी थांबवून उत्तर दिलं.

"कुंपणाला अळी लागलीय ताई. मागच्या रविवारी साधं औषध मारलं, ती दाद देईना. आज जहाल आणलंय. शिट्टी होऊन बाग रिकामी झाली की मारणार. त्यानंतर दोन दिवस आत कुणाला सोडायचं नाही, कुत्र्यालासुद्धा नाही."

मी परत येऊन डबे झाकले आणि जाऊबाईंना म्हटलं, शिट्टीची वाट बघू नका, आताच निघू. हे म्हणाले, तू म्हणजे ना, वारा आला तरी छत्री उघडशील. त्यात जुळ्यांना घसरगुंडीवर एकदा, आणखी एकदा, शेवटचं एकदा करायचं होतं. निघता निघता शिट्टी झालीच.

शिट्टी झाली आणि सगळी बाग एकदम फाटकाकडे लोटली. बाबागाड्या, फुगे, रडकी पोरं, कुणाची चप्पल तुटलेली. उजेड कमी झाला होता. गाड्या उभ्या करायची जागा भुलभुलैयाच्या मागच्या अंगाला, मध्ये फक्त ती हिरवी भिंत आणि तिच्या अलीकडे तारेची जाळी. जुळी धावत जाऊन आपल्या गाडीत घुसली. भावजी आमच्या मागून सामान आणत होते. सासूबाई दोन गाड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या उजेडात त्यांना धूसर दिसतं, पण हजेरीला त्यांना डोळे लागत नाहीत, कान पुरतात.

हाका सुरू झाल्या. मी ओ दिली, भावजींनी दिली, जाऊबाईंनी दिली, जुळ्यांनी खिडकीतून एका दमात दिली. मग सासूबाईंनी खारूचं नाव घेतलं. पळभर काही नाही. आणि मग माझ्या मागून ओ आली, नाकातली, शेवटी वर चढणारी. जुळी खिदळली, काकानं पळवली, काकानं पळवली. सासूबाईंनी हात झटकून म्हटलं, बसा गाडीत.

मला वाटलं, खारू जुळ्यांच्या गाडीत मागे बसलेली असणार, हात तोंडावर, डोळे भरलेले. मी ह्यांना म्हटलं, आधी पोरीची ओ परत करून या. हे गाडी सुरू करत म्हणाले, घरी गेल्यावर देतो, जुळ्यांच्या गोंधळात तेवढीच शांतता. मला राग आला. पण मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या होत्या, म्हणून बसले.

वाटेत फोन वाजला. नणंद. ह्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. खारूला दे, ती म्हणाली. मी बोलणार तोच ह्यांनी मला डोळ्यानं गप्प केलं आणि पडलेल्या दातांतून हवा सुटावी तसं बोलायला लागले. आई, मी आगगाडीत बसले. आई, मी मैना बघितली. आणि पलीकडून नणंद तिला उत्तरं द्यायला लागली. जेवलीस का ग. केस विंचरून घेतलेस का मामीकडून. दोन दिवसांनी येतेच हं मी, रडायचं नाही. तिचा आवाज इतका मऊ झाला होता की मला ऐकवेना. शेवटी हे फसकन हसले. ती म्हणाली, दादा, मला खरंच वाटलं रे. शरम नाही वाटत? आता खरी दे. ह्यांनी सांगितलं, खरी धाकट्याच्या गाडीत आहे, घरी गेलो की लावतो.

मोठ्या चौकात दिवा लाल झाला. भावजींची गाडी येऊन आमच्या शेजारी उभी राहिली. मागच्या काचेला दोन नाकं दाबलेली, जुळ्यांची. मी तिसरं तोंड शोधलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघून हात हलवला. मी हातानं खारूची उंची दाखवली आणि त्यांच्या मागच्या सीटकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली आणि आमच्या मागच्या सीटकडे बोट केलं. तिथे सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी डब्यांची पिशवी.

जाऊबाईंनी पाहिलं होतं ते एवढंच, की खारूला मी हाताला धरून स्वच्छतागृहाकडे नेलं. ती आमच्याच गाडीतून जाणार असं त्यांनी धरून चाललं होतं. मी ह्यांना सांगितलं, गाडी फिरवा. का, असं त्यांनी विचारलंच नाही. शेजारच्या काचेकडे एकदा बघितलं आणि दिवा हिरवा व्हायच्या आत गाडी फिरवली.

सगळा रस्ता सासूबाई एकच वाक्य बोलत राहिल्या. ओ तर आली होती. ओ तर आली होती ना रे. ह्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली गळत होता आणि त्यांना तो पुसायचं भान नव्हतं. मी ह्यांना एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते, त्याची मला भीती वाटत होती.

फाटकाला साखळी होती. मी तिच्याखालून वाकून गेले, मागून पहारेकरी ओरडत आला. आत पंपांची घरघर ऐकू येत होती आणि भुलभुलैयाच्या टोकाला हिरव्या भिंतींच्या वर पांढरट धुकं तरंगत होतं. वारा नव्हता. ते धुकं जागच्या जागी, अंगण सारवावं तसं सावकाश पसरत होतं. मी जीव खाऊन ओरडले, बंद करा, आत मूल आहे. मुखवटे लावलेली माणसं वळली. घरघर एकेक करून थांबली.

माळ्यानं मुखवटा वर केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, आमची पद्धत आहे. औषध सुरू करायच्या आधी चारही बाजूंनी हाका मारतो. आजही मारल्या. आत कुणी असेल तर ओ द्या म्हटलं. कुणी दिली नाही हो."

त्याचं ते वाक्य ऐकलं आणि मला सगळं कळलं. खारू बाहेर पडायच्या गर्दीतून कासवाला हात लावायला आत शिरली होती. आणि आमची हजेरी त्या भिंतीपलीकडेच झाली. आजीनं मारलेली हाक तिनं ऐकली असणार. धावत भिंतीपाशी आली असेल, ओ द्यायला तोंडही उघडलं असेल. पण त्याआधी तिचीच ओ बाहेरून आली. मग तिनं काय केलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. गाड्या निघून गेल्या, माळी हाका मारत फिरला, औषधाचा कडू वास आला, तरी ती बोलली नाही. कारण तिची ओ मामाकडे होती.

सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या त्या मैदानभर घुमणाऱ्या आवाजात मारली. मी मारली. मागून पोचलेल्या भावजींनी मारली. आतून काही नाही. फक्त पानांवरून औषधाचे थेंब टपटपत होते. मी वळून ह्यांना धरलं, सदऱ्याला धरून हलवलं.

"ती बोलणार नाही. तुम्ही परत दिल्याशिवाय ती बोलणार नाही. द्या तिची तिला."

ह्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ज्या माणसानं उभ्या गल्लीचे आवाज काढले त्याच्या गळ्यातून नुसती हवा आली. ह्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मान ताणली गेली, पण काही नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी त्यांच्या पाठीत बुक्की मारली, खरंच जोरात मारली. तेव्हा कुठे ह्यांचा स्वतःचा आवाज निघाला. कुणाचीही नक्कल नसलेला, साधा, जाडाभरडा. कितीतरी वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

"खारू, मामा आहे. ही बघ मूठ. ही बघ फुंकर घातली. घे बाळा, तुझी तुला परत. घेतलीस का? हात पुढे कर आणि घे."

आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. माळीसुद्धा. पहिल्यांदा खोकला आला, बारीक, दबलेला. मग पुन्हा खोकला. आणि मग अगदी मधून कुठूनतरी ओ आली. नाकातली नव्हती, वरही चढत नव्हती. फाटलेली होती. पण तिची होती.

माळी मुखवटा ओढून आत धावला, मागे हे मुखवटा न लावता तसेच. बाहेर आले तेव्हा खारू ह्यांच्या खांद्यावर होती. डोळे सुजून मिटलेले, केसांवर, फ्रॉकवर पांढरे शिंतोडे. माळी म्हणाला, ती कासवाच्या पाठीवर बसली होती, हात पुढे पसरून. जाऊबाईंनी बाटल्यांमधलं सगळं पाणी तिच्या तोंडावर ओतलं, मी फ्रॉक काढून फेकला आणि तिला माझ्या ओढणीत गुंडाळलं. गाडीत ती माझ्या मांडीवर होती. मला चिकटून एवढंच म्हणाली, मामी, मी कासवाला हात लावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे धुतले, प्राणवायूची नळी लावली, छाती पुन्हा पुन्हा तपासली. जिवावरचं टळलंय, म्हणाल्या. घसा भाजल्यासारखा झालाय, आवाज काही दिवस असाच राहील, पुढचं पुढे बघू. तोंड हातांनी घट्ट झाकलं होतं म्हणून औषध फार आत गेलं नाही, असंही म्हणाल्या. हे वाक्य ह्यांनी बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. भावजींना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, मला सांगायला आले. मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही. ती तोंड झाकून बसली ते तुमच्यामुळे, आणि वाचली ती तिच्या नशिबानं. ते जाऊन दाराला टेकून उभे राहिले.

तेव्हा फोन वाजला. नणंदेचा. ह्यांनी तो हातात घेतला आणि सासूबाईंकडे धरला. सासूबाईंनी मान फिरवली. मग मी घेतला. मी ठरवलं होतं, आडपडदा न ठेवता सगळं सांगायचं, आधी मूल बरं आहे म्हणायचं आणि मग बाकीचं. पण नणंदेनं मला बोलूच दिलं नाही. वहिनी, किती वेळ वाट बघतेय, पोचलात ना घरी? आधी खारूला दे.

खाटेवरून खारूनं हात पुढे केला. मला वाटलं, आईनं तिचा आवाज आधी ऐकला तर पुढचं ऐकायला तिला बळ येईल. मी फोन मोठ्या आवाजावर केला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"आई," खारू म्हणाली.

आवाज जाड आणि घोगरा आला, मध्येच तुटला. मोठ्या माणसानं लहान मुलाचा काढावा तसा. पलीकडून हसू ऐकू आलं.

"दादा, पुरे झालं. आता तर तुला जमतही नाहीये. खऱ्या खारूला दे."

"आई, मीच," खारू म्हणाली. ह्या वेळी आवाज आणखीच वाईट आला.

पलीकडचं हसू थांबलं होतं. नणंद दमलेल्या आवाजात म्हणाली, "दादा, दिवसभर तिची वाट बघतेय रे मी. थट्टा नको आता. माझ्या मुलीला दे."

मी फोन ओढून घ्यायला गेले. पण त्याआधीच खारूनं तो चादरीवर ठेवून दिला. ती रडली नाही. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिनं दाराशी उभ्या असलेल्या मामाकडे बघितलं आणि सावकाश दोन्ही हात उचलून तोंडावर ठेवले. चादरीवरच्या फोनमधून नणंद तिला हाका मारत होती.